सौम्य अपंगत्व आणि नोकरी: निवड, मुलाखत, सोयींची मागणी आणि पुढची वर्षं

थोडं लंगडत चालणारा माणूस, एका हाताची पकड कमी असलेली बाई, एका कानाने ऐकू न येणारा मुलगा, पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर ओझं उचलू न शकणारा कामगार. नोकरीच्या बाजारात या सगळ्यांची अडचण सारखीच असते. मोठं अपंगत्व समोरच्याला दिसतं, त्यामुळे त्यावर निदान बोलणं तरी होतं. सौम्य अपंगत्व असलेल्याला एकीकडून ऐकावं लागतं, ‘तुला काय झालंय, धडधाकट तर दिसतोस’, आणि दुसरीकडून, ‘राहू दे, तुला नाही झेपायचं’. पुष्कळदा ही दोन्ही वाक्यं एकाच कचेरीत ऐकायला मिळतात.

माझा उजवा हात जन्मापासून अर्धवट चालतो. जन्माच्या वेळी खांद्याच्या नसांना इजा झाली, त्यामुळे हात खांद्याच्या वर जात नाही आणि बोटांत जोर कमी आहे. या हातानिशी मी कारकुनी केली, हिशेब सांभाळले, पुढे माणसंही सांभाळली. आता नव्याने नोकरी शोधणाऱ्यांना अर्जाची आणि मुलाखतीची तयारी करून देतो. त्यांना मी पहिल्या भेटीत एकच गोष्ट सांगतो: आजाराचं नाव बाजूला ठेवा आणि कामाबद्दल बोला. ‘मला पोलिओ झाला होता’ यावर साहेबाला काय करायचं ते कळत नाही. ‘मी सलग 20 मिनिटं उभा राहू शकतो, त्यानंतर 5 मिनिटं बसावं लागतं’ हे ऐकलं की तो लगेच खुर्ची कुठे ठेवायची याचा विचार करायला लागतो.

पायरी 1: शरीराचा हिशेब कागदावर मांडा

अर्ज टाकण्याआधी आठवडाभर स्वतःकडे लक्ष ठेवा आणि लिहून काढा. सलग किती वेळ उभं राहता येतं? किती वेळ बसता येतं? किती जिने चढल्यावर कळ येते? एका हाताने किती वजन किती अंतर नेता येतं? कीबोर्डवर बोटं किती वेळ नीट चालतात? गोंगाटात समोरच्याचं बोलणं समजतं का?

या हिशेबात दोन गोष्टी हमखास सुटतात. एक म्हणजे पुनरावृत्ती. अर्धा तास उभं राहता येणं वेगळं आणि दिवसभरात सहा-सात वेळा अर्धा अर्धा तास उभं राहावं लागणं वेगळं. दुसरी म्हणजे मागून येणारा थकवा. कामाच्या भरात काहीच जाणवत नाही. रात्री घास तोंडाकडे नेताना हात थरथरतो किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी बुटात पाय घालताना गुडघा वाकत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे 24 तासांनंतर कसं वाटलं तेही लिहा. पुढे कामाचे तास ठरवताना हाच रकाना सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

त्रासाची वेळही पाहा. संधिवातात सकाळी सांधे आखडलेले असतात आणि दिवस चढेल तसे सैल होतात. अशा माणसाला तासभर उशिरा सुरू होणारी पाळी मिळाली तर अर्धी अडचण तिथेच सुटते. एका कानाने ऐकू येत नसेल तर नुसता आवाज कमी येतो असं नाही, आवाज कुठल्या दिशेने आला तेही कळत नाही, आणि चार माणसं एकदम बोलू लागली की शब्द एकमेकांत मिसळतात. लंगडत चालणाऱ्याच्या चांगल्या पायावर आणि कमरेवर जास्तीचा भार पडतो, त्यामुळे पुष्कळांचं दुखणं भलत्याच जागी सुरू होतं. या गोष्टी तुम्हाला सवयीच्या झालेल्या असतात म्हणून त्या लिहायचं सुचत नाही. पण मालकाला नेमकं हेच सांगावं लागणार आहे.

हा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. बहुतेक डॉक्टर पत्रात निदान लिहून मोकळे होतात. त्याचा कामाच्या ठिकाणी फारसा उपयोग होत नाही. त्यांना नम्रपणे सांगा की पत्रात कृती लिहून हव्या आहेत: सलग किती वेळ उभं राहणं योग्य, किती किलोपर्यंत उचलणं योग्य, कोणत्या हालचाली टाळायच्या, आणि ही स्थिती कायमची आहे की काही महिन्यांनी पुन्हा तपासायची आहे. आजाराचा पूर्वेतिहास त्यात असायचं कारण नाही.

पायरी 2: जाहिरात ओळीओळीने वाचा

पदाच्या नावावरून काम ठरवू नका. ‘कार्यालयीन सहायक’ या पदात एका ठिकाणी दिवसभर संगणकापुढे बसायचं असतं, तर दुसऱ्या ठिकाणी कपाटांतल्या जाडजूड फायली तीन मजल्यांवर फिरवायच्या असतात. जाहिरातीतली प्रत्येक जबाबदारी वेगळ्या ओळीवर लिहा आणि तिच्यापुढे तीनपैकी एक शेरा मारा: जसं आहे तसं जमेल, थोडा बदल केला तर जमेल, जमणार नाही. मग प्रत्येक ओळ त्या पदाचा गाभा आहे की कधीमधी करायचं काम आहे, ते बघा. गोदामपालाच्या नोकरीत नोंदी ठेवणं हा गाभा असेल आणि महिन्यातून एकदा खोकी हलवायची असतील तर खोक्यांचं काम दुसऱ्याला देता येतं. पण दिवसभर खोकी हलवणं हाच गाभा असेल तर त्या नोकरीच्या मागे लागून शरीराची वाट लावण्यात अर्थ नाही. हे मी जड मनाने सांगतो, कारण नोकरीची गरज असली की माणूस स्वतःची समजूत घालतो, ‘बघू, होईल सवय’. स्नायूंची ताकद मुळात कमी असेल तर सवयीने ती वाढेलच असं नाही, उलट दुखापत वाढते.

घरातली माणसं काळजीपोटी म्हणतात, ‘एखादं बैठं काम बघ’. पाय अधू असेल तर ते ठीक. पण पाठ, कंबर किंवा मांडीच्या सांध्याचा त्रास असणाऱ्याला आठ तास बसणं हेच सर्वांत कठीण. त्याला थोडं बसणं, थोडं चालणं, थोडं उभं राहणं अशी सरमिसळ असलेलं काम मानवतं. हात कमजोर असेल तर दिवसभराच्या टंकलेखनापेक्षा लोकांशी बोलण्याचं, तपासणीचं किंवा देखरेखीचं काम जास्त दिवस टिकतं. सल्ला ऐकावा, पण निर्णय पहिल्या पायरीचा कागद बघून घ्यावा.

जाण्यायेण्याचा विचार बहुतेक जण नोकरी लागल्यावर करतात. तो आधी करा. नेमक्या कामाच्या वेळेला, गर्दीत, त्या ठिकाणी एकदा जाऊन या. कुठे उभं राहावं लागतं, किती चालावं लागतं, शेवटचा जिना किती पायऱ्यांचा आहे, लिफ्ट आहे का आणि ती चालू असते का, हे डोळ्यांनी बघा. कामावर पोहोचेपर्यंतच अर्धी ताकद संपत असेल तर ती नोकरी कागदावर कितीही सोपी असली तरी तुम्हाला अवघड जाणार.

पायरी 3: अर्ज

इथे फार काही करायचं नाही. बायोडेटात आजार, टक्केवारी किंवा शस्त्रक्रियेची तारीख लिहू नका. तिथे फक्त काम दिसू द्या. उपचारांमुळे मधली काही वर्षं रिकामी गेली असतील तर ‘आरोग्याच्या कारणाने विराम, आता पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध’ एवढी एक ओळ पुरते. राखीव जागेसाठी अर्ज करत असाल तरच प्रमाणपत्राचा तपशील द्यायचा, आणि तो अर्जात मागितलेल्या रकान्यातच.

पायरी 4: सांगायचं की नाही, आणि कधी

यावर एकच उत्तर नाही. अनुभवातून माझं मत असं बनलं आहे.

अपंगत्व समोर बसल्यावर दिसणारच असेल किंवा मुलाखतीला, परीक्षेला एखादी सोय लागणार असेल, तर आधीच कळवा. वरच्या मजल्यावरची खोली, लिफ्ट नाही, हाताने लिहायची चाचणी, अशा गोष्टी ऐनवेळी समोर आल्या तर तुमचा सगळा वेळ आणि धीर त्यातच जातो. फोनवर किंवा मेलवर दोन ओळी पुरतात: ‘मी मुलाखतीला येत आहे. मला जिने चढायला त्रास होतो, तेव्हा तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या ठिकाणी व्यवस्था करता येईल का?’ यावर समोरून कसं उत्तर येतं, त्यावरून त्या जागेचा स्वभावही कळतो.

अपंगत्व दिसत नसेल आणि कामाच्या गाभ्याला त्याचा धक्का लागत नसेल, तर नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर, पण रुजू होण्याआधी सांगावं. तोपर्यंत त्यांनी तुम्हाला तुमच्या कामावरून निवडलेलं असतं. रुजू झाल्यावर चार महिन्यांनी, काम अंगावर आल्यावर सांगितलं, तर खरं कारणही सबबीसारखं ऐकू येतं.

दोन ठिकाणी मात्र लपवाछपवी अजिबात नको. वैद्यकीय तपासणीच्या फॉर्ममध्ये थेट प्रश्न असेल तर खरं उत्तर द्या. खोटी माहिती दिली म्हणून काढून टाकायला नंतर तेवढं कारण पुरतं. आणि वाहन चालवणं, उंचावर चढणं, फिरती यंत्रं हाताळणं अशा कामात तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका होऊ शकत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा.

पायरी 5: मुलाखत आणि चाचणी

मुलाखतीत प्रश्न येतो, कधी सरळ, कधी आडून: ‘तुम्हाला हे काम जमेल ना?’ यावर ‘हो, नक्की जमेल’ एवढंच म्हणणं अपुरं आहे. समोरच्याच्या मनातली शंका तशीच राहते आणि तुम्ही खोलीबाहेर गेल्यावर ती बोलली जाते. शंका तुमच्यासमोरच मिटवा. उदाहरणार्थ: ‘माझ्या उजव्या हातात जोर कमी आहे. टंकलेखन मी मुख्यतः डाव्या हाताने करतो आणि मसुदे बोलून लिहितो. मागच्या नोकरीत रोजची सगळी पत्रं मीच करत होतो. फोन घेताना मला हेडसेट लागतो, कारण रिसीव्हर धरला तर लिहिता येत नाही. बाकी काही लागत नाही.’ कमतरता सांगून झाली, काम कसं करता तेही सांगून झालं आणि मागणीही झाली. हे मोठ्याने म्हणून बघा. अर्ध्या मिनिटाच्या वर जायला नको. त्यानंतर विषय कामाकडे न्या आणि पुन्हा शरीराकडे वळू नका.

प्रात्यक्षिक चाचणी असेल तर साधनांची तयारी घरूनच करून जा. एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडला. एका मुलीचा डावा हात जवळजवळ चालत नव्हता. टंकलेखनाच्या चाचणीत कंट्रोल आणि शिफ्टची बटणं दुसऱ्या बटणाबरोबर दाबताना तिची बोटं पसरत, कीबोर्ड सरके, वेळ जाई. विंडोजमध्ये ‘स्टिकी कीज’ नावाची सोय आहे. शिफ्टचं बटण लागोपाठ 5 वेळा दाबलं की ती चालू करायची विचारणा पडद्यावर येते. मग शिफ्ट किंवा कंट्रोल धरून ठेवावं लागत नाही. आधी ते दाबून सोडायचं आणि मग दुसरं बटण दाबायचं. तिला हे सरावाच्या वेळी दाखवलं तेव्हा तिने ‘सेव्ह’ करायची आज्ञा एका बोटाने, दोन टप्प्यांत देऊन बघितली आणि पुन्हा पुन्हा करून बघितली. वर्षानुवर्षं ती त्यासाठी हनुवटी वापरत आली होती.

अशा फुकटच्या सोयी प्रत्येक संगणकात आणि फोनमध्ये असतात. विंडोजमध्ये एका हाताने टंकलेखन करणाऱ्यांसाठी डाव्या आणि उजव्या हाताची वेगवेगळी ड्वोराक मांडणी मिळते. शिकायला वेळ लागतो, पण कायम एकाच हाताने काम करायचं असेल तर शिकून घेण्यासारखी आहे. गूगल डॉक्समध्ये मराठीतून बोलून लिहिता येतं. एका कानाने ऐकणाऱ्याने ‘मोनो ऑडिओ’ चालू केला की दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात येतो, ऑनलाइन बैठकीतलं बोलणं सुटत नाही. मालकाकडे काही मागण्याआधी हे सगळं स्वतः वापरून बघा. कारण एवढंच की आपल्याला खरोखर काय कमी पडतं ते त्यानंतरच नेमकं कळतं.

पायरी 6: सोय मागणं

बहुतेक माणसं इथेच अडतात. लाज वाटते, आपण ओझं होतोय असं वाटतं, आणि ‘अजून थोडे दिवस ढकलू’ करत माणूस थेट आजारी पडतो किंवा चिडून राजीनामा देतो. मागायची वेळ रुजू होण्याच्या आसपासची असते. तेव्हा जागा, खुर्ची, पाळी असं सगळं ठरतच असतं आणि तुमची मागणी त्यात सहज बसते.

मागणीत तीन गोष्टी असाव्यात: कोणतं काम, त्यात नेमकी अडचण काय, आणि कोणत्या बदलाने ती सुटेल. ‘मला समजून घ्या’ ही मागणी होऊ शकत नाही, कारण ती पूर्ण झाली की नाही हे कोणालाच ठरवता येत नाही. आधी समोरासमोर बोला आणि त्याच दिवशी ते मेलवर टाका. मेल असा असू शकतो:

‘विषय: कामाच्या मांडणीत दोन बदलांबाबत.
महोदय, आज सकाळी बोलणं झाल्याप्रमाणे लिहून देत आहे. माझ्या डाव्या पायात जन्मतः कमजोरी आहे. खिडकीवरचं काम मी पूर्णपणे करू शकतो, पण सलग 20 मिनिटांपेक्षा जास्त उभं राहिल्यास पायात पेटके येतात. खिडकीपाशी उंच बैठकीची खुर्ची मिळाल्यास मला उभ्याने करायचं सगळं काम बसून करता येईल. तसंच, जुन्या नोंदवह्या वरच्या मजल्यावरून आणण्याचं काम दुसऱ्या सहकाऱ्याकडे दिल्यास त्या बदल्यात दिवसअखेरची रोख जुळवणी मी रोज करीन. महिनाभराने हे कसं चाललं आहे ते आपण पुन्हा पाहावं, ही विनंती. डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे.’

यातलं ‘त्या बदल्यात’ महत्त्वाचं आहे. तुमचं एखादं काम दुसऱ्याकडे गेलं की त्या दुसऱ्याच्या मनात ते राहतंच. त्याचं नको असलेलं एखादं काम तुम्ही उचललं तर कुरबूर उरत नाही. कायद्याने अशी अदलाबदल तुमच्यावर बंधनकारक नाही, पण रोज एकाच खोलीत बसायचं असतं.

महिनाभराने पुन्हा पाहण्याची विनंतीही मुद्दाम घातली आहे. साहेबाला कायमचा शब्द द्यायची भीती वाटते, महिन्याभराचा प्रयोग मात्र तो सहज मान्य करतो.

खर्चाची धास्ती सहसा फुकटची असते. अमेरिकेत ‘जॉब अकोमोडेशन नेटवर्क’ ही संस्था 1983 पासून मालकांना आणि कामगारांना याच विषयावर सल्ला देते. तिच्या पाहण्यांमध्ये मालकांनी वर्षानुवर्षं सांगितलेलं आहे की जवळपास निम्म्या सोयींना काहीच खर्च आला नाही. टेबल दाराजवळ हलवणं, चांगला कान लोकांच्या बाजूला येईल अशी बसायची जागा देणं, पाळी तासभर पुढे सरकवणं, बैठकीत ठरलेल्या गोष्टी लेखी देणं, ढकलगाडी वापरू देणं, असेच बदल बहुतेकांना लागतात.

कायदा तुमच्या बाजूने कुठवर आहे

संयुक्त राष्ट्रांनी 2006 मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला. त्याच्या 27व्या कलमात कामाचा हक्क आहे, आणि वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव मानला आहे. वाजवी म्हणजे मालकावर अवाजवी बोजा न टाकणारी. वेगवेगळ्या देशांचे कायदे याच धर्तीवर आहेत. अमेरिकेचा 1990 चा कायदा 15 किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना लागू होतो, आणि 2008 च्या दुरुस्तीने त्यातली अपंगत्वाची व्याख्या बरीच सैल केली. ब्रिटनमध्ये 2010 चा समानता कायदा आहे. तिथे 12 महिने किंवा अधिक टिकणारी आणि रोजच्या व्यवहारात क्षुल्लक म्हणता येणार नाही अशी अडचण पुरेशी ठरते. तिथे नोकरी देऊ करण्याआधी, मोजके अपवाद सोडता, प्रकृतीविषयी प्रश्न विचारता येत नाहीत. सोयींचा खर्च भागवायला ‘ॲक्सेस टू वर्क’ ही सरकारी योजनाही आहे.

भारतात 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. सौम्य अपंगत्व असलेल्यांनी त्यातला एक फरक नीट समजून घ्यावा. सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण 40 टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांना आहे. पण ‘दिव्यांग व्यक्ती’ची मूळ व्याख्या वेगळी आहे आणि तिच्यात टक्केवारीची अट नाही. दीर्घकाळची शारीरिक उणीव आणि भोवतालचे अडथळे मिळून तुमचा सहभाग अडत असेल, तर तुम्ही त्या व्याख्येत येता. ‘40 टक्क्यांच्या खाली आहात, तुम्हाला काही मिळत नाही’ असं खिडकीवर सांगितलं जातं. ते आरक्षणापुरतं खरं आहे, वाजवी सोयीच्या बाबतीत नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी हेच स्पष्ट केलं. उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि त्याला लेखनिक नाकारला गेला होता. लेखनिकाची सोय 40 टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये 40 टक्क्यांखालच्या परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचनाही निघाल्या.

याच कायद्याच्या 21व्या कलमाप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, खासगीसुद्धा, समान संधी धोरण जाहीर करायचं आहे. नियमांनुसार 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात सोयी, साधनं, प्रशिक्षण आणि विशेष रजा यांचा तपशील असावा लागतो. रुजू झाल्यावर हे धोरण मागून घ्या आणि वाचा. पुष्कळ ठिकाणी ते कपाटात पडून असतं आणि मागणाऱ्यामुळेच बाहेर येतं.

पायरी 7: पहिले सहा महिने

नवीन जागी सगळ्यांनाच आपण कसलेले आहोत हे दाखवायचं असतं. अपंगत्व असलेला माणूस ते दुप्पट दाखवायला जातो. उशिरापर्यंत थांबतो, जड वस्तू मुद्दाम उचलतो, मधल्या सुट्टीतही काम करतो. तीन महिन्यांत शरीर संपतं आणि मग जी रजा पडते तीच लोकांच्या लक्षात राहते. पहिल्या महिन्यात ठरलेल्या कामापेक्षा जास्त काही अंगावर घेऊ नका. ठरलेलं काम चोख आणि वेळेवर द्या. विश्वास त्यानेच बसतो.

विश्रांतीबद्दल एक नियम पाळा: दुखायला लागायच्या आधी थांबा. दुखू लागल्यावर घेतलेली अर्ध्या तासाची विश्रांती जेवढं भरून काढत नाही, तेवढं आधी घेतलेली 5 मिनिटं वाचवतात. फोनवर बारीक कंपनाचा गजर लावा, उठा, हात खाली सोडा, पाणी भरून या. दिवसातलं सर्वांत अवघड काम तुमच्या ताकदीच्या वेळेला करा. पहिल्या पायरीवरच्या 24 तासांच्या नोंदी इथे पुन्हा काढा आणि आठवड्याची रचना त्यांवरून बसवा. दोन अवघड दिवस लागून येऊ न देणं बऱ्याचदा आपल्या हातात असतं.

‘हलकं काम’ देणाऱ्या चांगल्या साहेबापासूनही सावध राहा. तो मायेनेच तुम्हाला दौऱ्यातून, नव्या प्रकल्पातून, ग्राहकांच्या भेटीतून वगळतो. वर्ष सरतं, बढतीची वेळ येते आणि तुमच्या खात्यावर दाखवण्यासारखं काम नसतं. असं होताना दिसलं की लगेच बोला: ‘साहेब, तुम्ही माझा विचार केलात, पण हे काम मला करायचंय. प्रवासात फक्त एवढी एक सोय लागेल.’ नकार द्यायचा तर तो तुम्ही द्यावा, तुमच्या वतीने दुसऱ्याने नाही.

सहकाऱ्यांना किती सांगायचं? एक वाक्य. ‘माझ्या या कानाने ऐकू येत नाही, त्या बाजूने हाक मारलीत आणि मी वळलो नाही तर राग मानू नका.’ बाकीचा इतिहास ज्याला सांगावासा वाटेल त्यालाच सांगा. कोणी चालण्याची नक्कल केली, व्यंगावरून टोपणनाव ठेवलं, तर पहिल्याच वेळी एकट्याला गाठून शांतपणे सांगा की हे चालणार नाही. पुन्हा झालं तर तारीख, वेळ, शब्द आणि कोण हजर होतं ते वहीत लिहा आणि तक्रार लेखी करा. एकदा हसण्यावारी नेलं की पुढे थांबवणं फार जड जातं.

पायरी 8: शरीर बदलतं, कामही बदलावं लागतं

सौम्य अपंगत्व आयुष्यभर तेवढंच राहतं असं धरून चालू नका. लहानपणी पोलिओ होऊन सावरलेल्या काही जणांना कित्येक दशकांनी पुन्हा स्नायूंची कमजोरी आणि थकवा सुरू होतो; अशा वेळी जोर लावून व्यायाम केल्याने त्रास वाढू शकतो. एकाच हातावर वर्षानुवर्षं काम केलं की त्या चांगल्या हाताचं मनगट आणि खांदा कुरकुरू लागतात. वर्षातून एकदा पहिल्या पायरीचा हिशेब पुन्हा मांडा. आकडे खाली येत असतील तर काम अडायच्या आधीच डॉक्टरांना भेटा, नवं पत्र घ्या आणि जुन्या मागणीत बदल सुचवा. देखरेख, प्रशिक्षण, नियोजन अशा कामांची कौशल्यं अंगात जोर असतानाच शिकून ठेवा, म्हणजे गरज पडेल तेव्हा त्या बाजूला सरकता येतं.

नोकरीत असताना अपंगत्व आलं तर घाईने राजीनामा देऊ नका. घरचे आणि कचेरीतलेही तोच मार्ग सुचवतात. भारतात सरकारी आस्थापनेला अशा कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याचं पद खाली आणता येत नाही. आधीचं काम होत नसेल तर त्याच वेतनावर दुसऱ्या पदावर नेमावं लागतं, आणि तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याला अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त तयार केलेल्या जादा पदावर ठेवावं लागतं. खासगी नोकरीत हे संरक्षण इतकं पक्कं नाही, पण तिथेही पद बदलून मिळण्याची लेखी विनंती आधी, आणि राजीनाम्याचा विचार नंतर. सोय लेखी मागूनही नाकारली, तर भारतात दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. तेव्हा जुने मेल, डॉक्टरांची पत्रं आणि वहीतल्या नोंदी कामाला येतात, म्हणून त्यांची प्रत कचेरीच्या संगणकाबाहेर, स्वतःपाशी ठेवा.

साहेब बदलला की बहुतेक तोंडी सोयी त्याच्याबरोबर जातात. नव्या साहेबाला खुर्ची तिथे का आहे ते ठाऊक नसतं, तो खोली आवरायला घेतो आणि खुर्ची उचलली जाते. म्हणून तो रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात मान्य झालेला जुना मेल त्याला पुढे पाठवा, वर दोन ओळी लिहा: ‘ही व्यवस्था इतकी वर्षं चालू आहे, तीच पुढे ठेवावी. काही विचारायचं असल्यास मी भेटायला येतो.’ आणि खरंच भेटायला जा.